अरबी लिपीतले स्पॅनिश : अभ्यासक्रमाबाहेर राहिलेली भाषा

तोलेदो शहरातील अलकाना या बाजारपेठेत एक पोरगा जुन्या वह्यांची रद्दी एका रेशीम व्यापाऱ्याला विकायला येतो. तेथे उभ्या असलेल्या एका गृहस्थाला कागद दिसला की वाचण्याची खोड असते. तो एक वही उचलतो. लिपी अरबी आहे हे त्याला ओळखता येते, पण वाचता येत नाही. वाचून दाखवणारा कोणी मोरिस्को भेटतो का म्हणून तो आजूबाजूला पाहतो आणि असा माणूस त्याला सहज मिळतो. वही उघडताच तो मोरिस्को हसू लागतो. समासात कोणीतरी लिहिलेले असते की, डुकराचे मांस खारवण्यात दुल्सिनेयाचा हात धरणारी बाई अवघ्या ला मांचा प्रांतात नाही. गृहस्थ अर्ध्या रेआलला सगळी रद्दी विकत घेतो आणि कॅथेड्रलच्या ओवरीत त्या मोरिस्कोशी भाषांतराचा सौदा करतो. मोबदला ठरतो दोन अरोबा बेदाणे आणि दोन फानेगा गहू. दीड महिन्याहून थोड्या अधिक काळात काम पुरे होते.

सर्व्हांतेसच्या ‘दोन किहोते’च्या पहिल्या भागातील (१६०५) नवव्या प्रकरणाचा हा प्रसंग आहे. आपल्याकडे ‘डॉन क्विक्झोट’ म्हणून ओळखली जाणारी ही कादंबरी आधुनिक कादंबरीची जननी मानली जाते. परंतु ती स्वतःविषयी काय सांगते? मूळ ग्रंथ सीदे हामेते बेनेनहेली या अरब इतिहासकाराने अरबीत लिहिला आणि एका मोरिस्कोने तो स्पॅनिशमध्ये आणला, असे ती सांगते. ‘सीदे’ म्हणजे आपल्या ओळखीचे ‘सय्यदी’, ‘सीदी’. भाषांतराची मजुरी ज्या मापांनी मोजली गेली ती ‘अरोबा’ आणि ‘फानेगा’ ही मापेही मूळ अरबी शब्दांचीच. अरोबा म्हणजे ‘अर्-रुबअ’, चौथा हिस्सा.

जगभरच्या विद्यापीठांतील स्पॅनिश विभागांत हे प्रकरण शिकवले जाते. कथनतंत्राचा नमुना, अविश्वसनीय निवेदक, कादंबरीतली कादंबरी अशा मथळ्यांखाली त्याची चर्चा होते. ती योग्यच आहे. मात्र बेदाणे आणि गहू घेऊन घरी गेलेल्या त्या भाषांतरकाराचे पुढे काय झाले, हा प्रश्न तंत्राच्या चर्चेत बसत नाही. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १६०९ साली, तिसऱ्या फिलिप राजाने मोरिस्कोंच्या हकालपट्टीचा हुकूम काढला. १६१४पर्यंत सुमारे तीन लाख माणसे देशाबाहेर घालवली गेली. पुस्तक राहिले आणि ते वाचून दाखवणारा गेला. स्पॅनिश भाषेचा आणि साहित्याचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे काय, याचा विचार या रिकाम्या जागेपासून सुरू करावा, असे मला वाटते.

सुरुवात कोठून करायची?

प्रत्येक साहित्याच्या इतिहासाला एक पहिले पान लागते. ते कोणते असावे, हे अभ्यासक्रम ठरवतो. स्पॅनिशच्या बाबतीत बराच काळ हे पान ‘एल सिद’च्या वीरकाव्याचे होते. सन १२००च्या सुमाराचे हे काव्य मूरांशी लढणाऱ्या कॅस्टिलियन वीराची गाथा म्हणून शिकवले जाई. या वीराची ‘सिद’ ही पदवी पुन्हा ‘सय्यद’च आहे. शिवाय काव्यात त्याचा सर्वांत विश्वासू मित्र म्हणून येणारा मोलिनाचा अधिकारी आबेनगाल्बोन हाही मूर आहे. परंतु राष्ट्राचे महाकाव्य म्हणून वाचताना या दोन गोष्टी तळटीपेत ढकलल्या की काम भागत असे.

१९४८ साली सॅम्युएल स्टर्न या तरुण अभ्यासकाने या पहिल्या पानालाच धक्का दिला. अंदलूसमधील हिब्रू कवींनी अरबी धर्तीवर लिहिलेल्या ‘मुवश्शह’ काव्यांच्या शेवटी येणाऱ्या काही ओळी कोणालाच नीट उलगडत नव्हत्या. या ओळी हिब्रू नाहीत, अरबीही नाहीत, तर जुन्या स्पॅनिश बोलीतल्या आहेत, हे स्टर्नने दाखवून दिले. या शेवटाच्या ओळींना ‘खर्जा’ म्हणतात. पुढे एमिलिओ गार्सिया गोमेस याने १९५२ साली अरबी मुवश्शहांमधील अशा आणखी खर्जा प्रसिद्ध केल्या. बहुतेक खर्जांमध्ये एखादी मुलगी आपल्या आईला विरहाचे गाऱ्हाणे सांगत असते आणि प्रियकराला ती ‘हबीब’ म्हणते. यांतील जुन्या रचना अकराव्या शतकातील आहेत. म्हणजे स्पॅनिश भावकवितेचा सर्वांत जुना हाती लागलेला उद्गार अरबी आणि हिब्रू कवितेच्या पदराला गाठ मारून ठेवलेला होता. गाठ सोडायला नऊशे वर्षे लागली, कारण पदर कोणी उलगडून पाहिलाच नव्हता.

गद्याचेही तसेच आहे. कॅस्टिलियन भाषेतील कथागद्याच्या आरंभीच्या ग्रंथांत ‘कलिला ए दिम्ना’चे स्थान महत्त्वाचे आहे. १२५१च्या सुमारास, पुढे ‘विद्वान राजा’ म्हणून गाजलेल्या आल्फोन्सोच्या पुढाकाराने, ते अरबीतून भाषांतरित झाले. हे आपलेच ‘पंचतंत्र’. संस्कृतातून पहलवीत, तेथून अरबीत आणि अरबीतून स्पॅनिशमध्ये असा त्याचा प्रवास झाला. दोन हुआन मानुएलच्या ‘कोंदे लुकानोर’ (१३३५) या ग्रंथात मधाचे भांडे डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेली, मनातल्या मनात श्रीमंत होणारी आणि शेवटी भांडे फोडून बसणारी बाई भेटते. लहानपणी शेखचिल्लीची गोष्ट ऐकलेल्या आपल्या कोणत्याही वाचकाला ती परकी वाटणार नाही. अरबीचा दुवा काढून टाकला तर ही गोष्ट स्पेनला कशी पोहोचली, हे सांगताच येत नाही.

दोन विभागांमधला बोळ

१८८४ साली आरागोन प्रांतातील आल्मोनासिद दे ला सिएर्रा या गावी एक जुने घर पाडताना खोट्या लाकडी तळजमिनीखाली हस्तलिखितांचा साठा सापडला. हकालपट्टीच्या वेळी कोणीतरी तो परत येण्याच्या आशेने दडवला असावा. लिपी अरबी होती. काही वह्या पाडकामातच नष्ट झाल्या. उरलेल्या उघडल्या तर आतली भाषा स्पॅनिश निघाली. अशा लेखनाला ‘अल्हामियादो’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘अजमिया’वरून आला. अजमी म्हणजे अरबेतर, परक्यांची भाषा. ज्या भाषेला अरबांनी परकी म्हटले आणि ज्या लिपीला कॅस्टिलने परकी ठरवले, त्या दोहोंना एकत्र बांधून मोरिस्कोंनी आपला संसार चालवला.

अशी सुमारे दोनशे हस्तलिखिते आज ज्ञात आहेत. त्यांत नमाजाचे नियम, पैगंबरांच्या कथा, कुराणाचे अर्थ, औषधे, तोडगे, वारसाहक्काचे हिशेब असे सारे आहे. कुराणातील यूसुफच्या कथेवरील एक दीर्घकाव्यही आहे. विशेष म्हणजे ते त्या काळच्या ख्रिस्ती धर्मपंडितांच्या आवडत्या चार ओळींच्या एकयमकी कडव्यात रचलेले आहे. मक्केच्या यात्रेवरील एका पद्यरचनेत यात्रेकरूसाठी ‘अल्हिचांते’ असा शब्द येतो. पुढे अरबी ‘अल्-हज’ आणि मागे स्पॅनिश प्रत्यय. आपण ‘नमाज पढतो’ आणि ‘रोजा सोडतो’ असे म्हणतो तेव्हा याहून वेगळे काय करतो?

मग हे साहित्य स्पॅनिशच्या अभ्यासात मधोमध का आले नाही? याचे उत्तर विद्यापीठाच्या रचनेतच आहे. स्पेनमध्ये हिस्पॅनिक भाषाशास्त्र हा एक विभाग आणि अरबीचा अभ्यास हा दुसरा. स्पॅनिशच्या प्राध्यापकाला लिपी वाचता येत नाही, म्हणून त्याच्या दृष्टीने हे काम अरबीवाल्यांचे. अरबीच्या प्राध्यापकाला यात शुद्ध अरबी सापडत नाही, म्हणून त्याच्या दृष्टीने हे काम स्पॅनिशवाल्यांचे. दोन इमारतींमधल्या बोळात हे साहित्य पडून राहिले. एदुआर्दो साआवेद्रा याने १८७८ साली स्पॅनिश अकादमीतील भाषणात या हस्तलिखितांची सूची मांडली आणि पुढे रामोन मेनेन्देस पिदाल याने यूसुफ-काव्याची संपादित आवृत्ती काढली. तरीही भरघोस काम व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ओविएदो विद्यापीठात आल्वारो गाल्मेस दे फुएन्तेस यांनी या अभ्यासाची परंपरा उभी केली. पोर्तो रिको विद्यापीठातील लुसे लोपेस-बाराल्त यांनी १९८५ सालच्या आपल्या ग्रंथात स्पॅनिश साहित्यातील इस्लामच्या पाऊलखुणांचा माग काढला. या सर्वांना दोन्ही लिपी येत होत्या, हे लक्षात घेतले पाहिजे.

विद्यापीठ आणि अरबी यांच्या ताटातुटीला एक जुना संदर्भही आहे. कार्डिनल सिस्नेरोस याने आल्काला येथे विद्यापीठ स्थापन केले. सर्व्हांतेसचे जन्मगाव तेच. या विद्यापीठाने अनेक भाषांतील बायबल छापून विद्वत्तेचा उच्चांक गाठला. त्यात हिब्रू, ग्रीक, लॅटिन आणि अरामी या भाषा होत्या, अरबी नव्हती. याच सिस्नेरोसने १५००च्या आसपास ग्रॅनडाच्या बिब-रंब्ला चौकात अरबी ग्रंथांची होळी केली आणि वैद्यकाची पुस्तके तेवढी वेगळी काढून ठेवली. औषध हवे होते, ते देणाऱ्याची भाषा नको होती. ग्रंथालय उभारणारा आणि ग्रंथ जाळणारा हात एकच असू शकतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

सुवर्णयुगाचा मोह

येथे आपल्याला, विशेषतः मुस्लिम वाचकाला, एका मोहापासून सावध राहावे लागेल. अंदलूस म्हटले की कुर्तुबाची मशीद, अलहम्ब्रा आणि हरवलेले वैभव यांचे उसासे टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. उर्दू शायरीने ती चांगलीच जोपासली. परंतु उसासा म्हणजे अभ्यास नव्हे.

स्पॅनिश विद्वत्तेत हा वाद फार तीव्रपणे लढला गेला. यादवी युद्धानंतर देशाबाहेर पडलेले अमेरिको कास्त्रो प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवत होते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी असे मांडले की, स्पॅनिश माणूस घडला तो ख्रिस्ती, मूर आणि यहुदी यांच्या सहजीवनातून. १९५६ साली क्लाउदिओ सांचेस-आल्बोर्नोस यांनी त्याला प्रचंड ग्रंथाने उत्तर दिले. स्पेनचा मूळ पिंड रोमन आणि गॉथिक काळातच घडलेला होता आणि इस्लामने तो बदलला नाही, असा त्यांचा दावा होता. सांचेस-आल्बोर्नोस हेही फ्रँकोच्या राजवटीमुळे परागंदा झालेलेच होते. म्हणजे हा वाद केवळ राजवटीचे समर्थक आणि विरोधक यांच्यातला नव्हता. दोन निर्वासित आपला देश कोणाचा, यावर भांडत होते.

माझ्या मते कास्त्रोंची बाजू साहित्याच्या वाचकाला अधिक उपयोगी पडते, पण तिलाही मर्यादा आहे. ‘सहजीवन’ हा शब्द फार गोड आहे. त्यात कर, दंगे, धर्मांतरे आणि दोन्हीकडच्या सत्तांचा जुलूम झाकला जातो. अंदलूसमध्ये मुस्लिम राज्यकर्त्यांच्या काळातही ग्रंथ जाळले गेले आणि इब्न रुश्दसारख्या विचारवंताला हद्दपारी भोगावी लागली. हे न सांगता केवळ सिस्नेरोसची होळी सांगणे म्हणजे इतिहासाचा सोयीचा उतारा काढणे होय. आपल्याला तक्रार करायची नाही, वाचायचे आहे.

याच वादात एका धर्मगुरूचे नाव आदराने घ्यावे लागते. मिगेल आसिन पालासिओस हे कॅथलिक पाद्री आणि माद्रिदमध्ये अरबीचे प्राध्यापक होते. १९१९ साली स्पॅनिश अकादमीत प्रवेश करताना त्यांनी असे प्रतिपादन केले की, दांतेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’वर मेराजच्या कथांचा प्रभाव आहे. युरोपात गदारोळ उडाला. मेराजच्या कथेची तेराव्या शतकातील लॅटिन आणि फ्रेंच भाषांतरे १९४९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्या तर्काला आधार मिळाला. ते पाहायला आसिन हयात नव्हते. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही, पण तो श्रद्धेवर नव्हे तर हस्तलिखितांवर चालतो, ही विद्यापीठाची खरी कमाई.

रिकोतेचे शुद्ध कॅस्टिलियन

‘दोन किहोते’चा दुसरा भाग १६१५ साली आला. तोवर हकालपट्टी पूर्ण झालेली होती. चोपन्नाव्या प्रकरणात सांचो पान्साला परदेशी यात्रेकरूंचा एक जथा भेटतो. त्यातला एक जण त्याला मिठी मारतो. तो असतो रिकोते, सांचोच्या गावातला मोरिस्को दुकानदार. वेष बदलून, पुरलेले धन काढायला तो जीव धोक्यात घालून परतलेला असतो. दोघे झाडाखाली बसून खातात, पितात. रिकोते सांगतो की, जेथे गेलो तेथे स्पेनसाठीच रडलो. राजाचा निर्णय योग्य होता, असेही तो म्हणतो. समीक्षकांनी या वाक्यावर पानेच्या पाने लिहिली आहेत. सर्व्हांतेस हकालपट्टीचा समर्थक होता, की सेन्सॉरच्या नजरेखाली तो एका माणसाचे तुटलेले काळीज दाखवत होता? हार्वर्डमधील फ्रान्सिस्को मार्केस व्हियानुएवा यांनी रिकोतेचा प्रसंग त्या काळच्या राजकीय चर्चेशी जोडून वाचला आणि त्यातला उपरोध उलगडला. मला हे वाचन पटते. पाच वर्षे अल्जीरियात कैदेत काढलेल्या या लेखकाला मुसलमान शत्रू म्हणूनही ठाऊक होता आणि शेजारी म्हणूनही.

परंतु या प्रसंगातला मला सर्वांत बोचणारा तपशील वेगळाच आहे. लेखक आवर्जून नोंदवतो की रिकोते आपल्या मोरिस्को बोलीत कोठेही न अडखळता शुद्ध कॅस्टिलियनमध्ये बोलला. ही शाबासकी कोणाला दिली जाते? ज्याची ती भाषा नाही असे गृहीत धरलेले असते, त्याला. “तुम्ही मुसलमान असून किती शुद्ध मराठी बोलता हो!” हे वाक्य ज्याने बसमध्ये, कॉलेजात किंवा कचेरीत ऐकले आहे, त्याला रिकोतेची ओळख करून देण्याची गरज नाही.

१५६७ सालच्या फर्मानाने ग्रॅनडाच्या मोरिस्कोंना तीन वर्षांत अरबी सोडून कॅस्टिलियन बोलण्यास बजावले होते. पेहराव, नावे आणि हमामखाने यांच्यावरही बंदी आली. त्या वेळी फ्रान्सिस्को नुन्येस मुलेय या वृद्ध मोरिस्कोने एक निवेदन दिले. त्याचा युक्तिवाद साधा होता. पेहराव हा प्रांताचा असतो, धर्माचा नव्हे. माल्टातले ख्रिस्ती अरबीच बोलतात, म्हणून ते ख्रिस्ती नाहीत काय? अरबीची ही वकिली त्याने कॅस्टिलियनमध्ये केली. कोणी ऐकले नाही. पुढच्याच वर्षी बंड पेटले. ज्यांना भाषा बदलायला सांगितले, त्यांनी पुढे ती बदलली. आरागोनचे मोरिस्को तर पिढ्यान्‌पिढ्या स्पॅनिशच बोलत होते. तरीही १६०९ नंतर सर्वांना एकाच जहाजात बसवले गेले. भाषेची अट ही खरी अट नव्हतीच.

ट्युनिसला पोहोचलेल्या एका अनामिक निर्वासिताचे हस्तलिखित उपलब्ध आहे. लोपेस-बाराल्त यांनी ते १९९२ साली प्रकाशात आणले. विवाहातील प्रेमावर लिहिताना हा मुसलमान लोपे दे व्हेगाची सुनीते आठवून आठवून उद्धृत करतो. ज्या देशाने त्याला हाकलले, त्याच देशाच्या कवीशिवाय त्याला प्रेमाविषयी बोलता येत नाही. त्याला स्पॅनिश लेखक म्हणायचे की नाही? स्पॅनिश साहित्याच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न असला पाहिजे. हाच प्रश्न कायद्यासमोरही उभा आहे. १४९२ साली हाकललेल्या यहुद्यांच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदा स्पेनने २०१५ साली केला. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी तसा कायदा झाला नाही. मोरोक्कोत राहिलेला थोर कादंबरीकार हुआन गोयतिसोलो आयुष्यभर या स्मृतिभ्रंशाशी भांडला. २०१७ साली मराकेशमध्ये त्याचे निधन झाले आणि त्याचे दफनही मोरोक्कोतच झाले.

आपल्या बोळात काय पडले आहे?

आज भारतात स्पॅनिश शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढते आहे. वीस देशांची ही राजभाषा भाषांतराचे, पर्यटनाचे, व्यापाराचे दरवाजे उघडते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश भाषा-साहित्याचा पदवीपासून संशोधनापर्यंत अभ्यास होतो. आपली मुलेही या वाटेने जावोत. उर्दू किंवा अरबी लिपी घरी शिकलेल्या मुलाला तर तेथे एक वेगळेच भांडवल हाती असेल. ‘असूकार’ म्हणजे साखर, ‘आल्गोदोन’ म्हणजे कापूस, ‘ओहाला’ म्हणजे अल्लाहने करावे तसे होवो, हे त्याला शब्दकोश न उघडता कळू लागेल.

पण या अभ्यासाचा खरा उपयोग घरी परतल्यावर आहे. मोरिस्कोंना हाकलणारा तिसरा फिलिप हाच त्या वेळी पोर्तुगालचा, म्हणून गोव्याचाही राजा होता. त्याच्याच राज्यात १६१६ साली फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. त्याला आपण निःसंकोच मराठी साहित्य म्हणतो, लिपी आड येत नाही. मग अरबी-फारसी लिपीत लिहिलेल्या आणि मराठीशी शतकानुशतके देवाणघेवाण केलेल्या दख्खनीचे काय? मराठी विभाग म्हणतो, ती उर्दूची. उर्दू विभाग तिला आपल्या बाल्यावस्थेचे एक प्रकरण मानून पुढे सरकतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘सिद्धसंकेतप्रबंध’ लिहिणारे शहा मुंतोजी, गीतेवर टीका लिहिणारे अंबर हुसेन यांच्याविषयी रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ लिहून मोठे काम केले. पण त्या पुस्तकानंतर किती विद्यापीठांनी या कवींना स्वतंत्र पुरवणीतून काढून मुख्य पाठात घेतले? १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते वेगळी चूल मांडण्यासाठी नव्हे. मुख्य पाठ वाचताना गाळलेली पाने परत जोडा, एवढेच त्याचे मागणे होते.

स्पॅनिशच्या अभ्यासाने एक गोष्ट स्पष्ट केली आहे. गाळलेली पाने भावनेने परत येत नाहीत. त्यासाठी लिपी शिकावी लागते, हस्तलिखिते वाचावी लागतात आणि दोन विभागांच्या मधल्या बोळात उभे राहण्याची तयारी ठेवावी लागते. स्टर्न, गाल्मेस, लोपेस-बाराल्त यांनी ते केले, म्हणून स्पॅनिश साहित्याचे पहिले पान बदलले. आपल्यातल्या किती जणांना मोडी येते? मोडी आणि फारसी दोन्ही येणारे किती? शुद्ध मराठी बोलून आपण कोणाची शाबासकी मिळवू, पण जुनी मराठी वाचता आली तर शाबासकीची गरज उरणार नाही.

अलकानाच्या बाजारात तो गृहस्थ सहज वळून पाहतो आणि वाचणारा त्याला मिळतो. काही वर्षांनी तो तसाच वळून पाहता तर कोणीही मिळाले नसते. रद्दी असती, अर्धा रेआलही असता, वाचणारा तेवढा नसता.